घमेल्याचा माग

नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही अभ्यासिकेत सकाळी जाऊन बसा. तलाठी भरती, पोलीस भरती, राज्यसेवा, परीक्षा कोणतीही असो, मराठी व्याकरणाच्या पुस्तकात शब्दसिद्धीचं प्रकरण असतंच, आणि त्यात परभाषी शब्दांचे रकाने असतात. फारसी, अरबी, कानडी, तेलुगू, गुजराती, इंग्रजी. या मोठ्या रकान्यांच्या शेजारी एक छोटा रकाना पोर्तुगीज शब्दांचा. बटाटा, पगार, चावी, तुरुंग, बिजागरी, कोबी, हापूस, घमेले. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारची पोरं ही माळ एका दमात म्हणतात, कारण तिच्यावर प्रश्न येतो.

उत्तराला गुण मिळतो आणि विषय तिथंच संपतो. मला मात्र त्या माळेतला शेवटचा शब्द सोडवेना. पगार, चावी, तुरुंग हे कचेरीचे आणि कुलपाचे शब्द. हापूस, कोबी बाजारातले. घमेलं मात्र आमच्या मातीचं, अगदी शब्दशः, कारण या भागातली किती माती त्याने उचलली असेल याला गणती नाही. समुद्रापासून इतक्या दूर, मन्याड नदीच्या खोऱ्यात, पोर्तुगीज माणूस ज्या गावांनी कधी पाहिला नाही तिथं हा शब्द पोचला कसा? आणि तो खरोखरच पोर्तुगीज आहे का?

शंकेला कारण होतं. याच यादीत कितीतरी पुस्तकांनी फणस आणि लोणचं हेही शब्द पोर्तुगीज म्हणून घुसवले आहेत. फणस हा संस्कृत पनस. लोणचं लवणातून आलं, लोण म्हणजे मीठ. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, त्याच्या शेकडो वर्षं आधीपासून इथली माणसं फणस फोडत होती आणि लोणची मुरवत होती. ज्या साक्षीदाराने दोनदा चुकीची साक्ष दिली त्याचं तिसरं विधान पुराव्याशिवाय कसं घ्यायचं? म्हणून यादी बाजूला ठेवली आणि घमेल्याचा माग पहिल्यापासून काढायचा ठरवला.

या शब्दावर जीव जडण्याचं खरं कारण १९७२ चा दुष्काळ. त्या साली मराठवाड्यात विहिरी आटल्या, जनावरं कवडीमोलाने गेली, आणि माणसं दुष्काळी कामावर गेली. खडी फोडणं, रस्त्यावर मुरूम टाकणं, पाझर तलाव खोदणं, नाला बांध घालणं. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. पुरुषांच्या हातात टिकाव आणि फावडं, बाईच्या डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर घमेलं. मुकादमाचं मस्टर, पोरांच्या हातात सुकडी. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ मध्ये, आणि घमेलं या भागाच्या संसारात कायमचं आलं. कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर या पट्ट्यात असं घर क्वचितच असेल जिथल्या एकाही बाईने ते कधी डोक्यावर वाहिलं नाही.

कंधारच्या राजांच्या बिरुदांवर विद्वानांनी पुष्कळ लिहिलं आहे आणि ते योग्यच आहे. राष्ट्रकूट स्वतःला लत्तलूरपुरवराधीश्वर म्हणवत, म्हणजे लातूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. कंधारपुर हे नावही त्या काळच्या लेखांत येतं. गावाजवळचा विस्तीर्ण तलाव जगत्तुंग या राष्ट्रकूटांच्या बिरुदाने ओळखला जातो. बिरुदाचं प्रत्येक अक्षर तपासलं गेलं. तलावाची माती ज्या भांड्यांतून बाहेर आली त्यांच्या नावांची मात्र कुणी चौकशी केली नाही. तो तलाव खोदला गेला तेव्हा घमेलं हा शब्द इथं असणं शक्य नव्हतं एवढं खरं, जर तो पोर्तुगीज असेल तर. टोपली किंवा पाटी असणार. राजाच्या बिरुदाला जितका इतिहास असतो तितकाच मजुराच्या भांड्यालाही असतो, आणि तो तितक्याच काटेकोरपणे तपासला पाहिजे, हे माझं मत आहे.

शब्दाच्या शोधात पहिला धोका कानाचा. दोन शब्द सारखे ऐकू आले की नातं जोडायचा मोह होतो. कंधारच्या माणसाला हा धोका वेगळा सांगायला नको. अफगाणिस्तानातल्या कंदाहारशी आपल्या गावाचं नातं सांगणारे त्याला आयुष्यभर भेटतात; पण कंधारपुर हे नाव राष्ट्रकूटांच्या काळातलं आहे, कुठल्या अफगाण सरदाराने ते पुढे आणून बसवलेलं नाही. भांड्यांच्या जगात याहून मोठा चकवा आहे. लॅटिन भाषेत पातेल्ला नावाचा शब्द आहे. अर्थ, पसरट भांडं. आपल्याकडे पातेलं. आवाज तोच, अर्थ जवळजवळ तोच. पण आपलं पातेलं पात्र या शब्दाच्या घराण्यातलं, आणि पात्राच्या मुळाशी ‘पा’ म्हणजे पिणे हा धातू. लॅटिन पातेल्ला हे पातेरा या शब्दाचं लहानपण दाखवणारं रूप, आणि पातेराच्या मुळाशी उघडं, पसरलेलं असण्याचा अर्थ. दोघांचा काहीही संबंध नाही. पातेल्यावर असा धडा मिळाल्यावर घमेल्याबाबत नुसत्या कानावर विसंबून राहणं शक्यच नव्हतं.

मग नातं ओळखायचं कसं? पहिली खूण म्हणजे भावंडं. एखादा परका शब्द एका भाषेत आला असेल तर तो बहुधा शेजारच्या भाषांतही आलेला असतो, थोड्या वेगळ्या कपड्यांत. हिंदीत गमला आहे. आज त्यात आपण तुळस किंवा गुलाब लावतो. बंगालीत गामला आहे; ते मोठं पसरट भांडं, त्यात पीठ मळतात, कपडे भिजवतात, गुराला पाणी देतात. आणि मराठीत घमेलं. तीन भाषा, तीन उपयोग, एक सांगाडा. या तिघांच्या मागे पोर्तुगीज भाषेत एक शब्द उभा आहे: गामेला. लाकूड कोरून केलेलं उथळ, पसरट भांडं. पीठ मळायला, जनावरांना खाऊ घालायला, धुवायला. हिंदी आणि बंगालीचे कोशकार गमला आणि गामला यांचं मूळ या गामेलातच सांगतात.

पोर्तुगीज शब्दांच्या या प्रांतात शोध घेणाऱ्या प्रत्येकाला एका गोवेकराच्या दाराशी यावंच लागतं. मोन्सेन्योर सेबाश्तियांव रोदोल्फो दालगादो. जन्म १८५५, बारदेशातल्या आसगावचा. धर्मगुरू म्हणून सिलोनमध्ये, बंगालमध्ये राहिले आणि जिथं गेले तिथली भाषा शिकले. १८९३ मध्ये त्यांचा कोंकणी-पोर्तुगीज कोश मुंबईत छापला गेला. पुढे ते लिस्बनला संस्कृतचे प्राध्यापक झाले. १९१३ मध्ये त्यांचा तो ग्रंथ आला ज्यात आशियातल्या सुमारे ५० भाषांत शिरलेले पोर्तुगीज शब्द त्यांनी वेचून ठेवले. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात आजाराने त्यांचे पाय कापावे लागले, तरी काम थांबलं नाही. पोर्तुगीज-आशियाई शब्दांचा मोठा कोश त्यांनी १९१९ ते १९२१ या काळात दोन खंडांत पुरा केला आणि १९२२ मध्ये लिस्बनमध्ये डोळे मिटले. १९१३ च्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये बडोद्याहून निघालं. मराठी माणसाने दालगादोंचं नाव इतिहासाचार्य राजवाड्यांच्या आणि कोशकार मोल्सवर्थच्या बरोबरीने घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. परीक्षेच्या पुस्तकातल्या त्या छोट्या रकान्याच्या मागे अशा माणसांचे कष्ट आहेत. फणस आणि लोणचं त्यात कुणी घातलं देव जाणे.

गामेला सापडला तरी दोन अडचणी राहिल्या. पोर्तुगीजमध्ये ‘ग’, मराठीत ‘घ’. आणि पोर्तुगीज शब्द स्त्रीलिंगी, आकारान्त. मराठी शब्द नपुंसकलिंगी, एकारान्त. चावी आणि पगार यांना असं काही झालं नाही. घमेल्यालाच का?

दुसरी अडचण आधी सुटली. मराठीत भांड्यांची एक पंगत आधीच बसलेली होती: पातेलें, तपेलें. ‘एलें’ हा शेवट ऐकला की मराठी कानाला भांडंच आठवतं. गामेला किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्या शेपटीत ‘एल’ होताच. मराठीने त्याला लगेच त्या पंगतीत बसवलं आणि तो पातेल्यासारखा नपुंसकलिंगी झाला. बंगालीत अशी पंगत नव्हती, म्हणून तिथं तो गामला राहिला.

‘घ’चं स्पष्टीकरण याच जातीचं, पण ते माझा अंदाज म्हणूनच घ्यावं. पाण्याच्या भांड्यांची मराठी नावं पाहा: घट, घडा, घागर, घंगाळ. ‘घ’ हे अक्षर जणू भांड्यांच्या मालकीचं. नव्या आलेल्या गमेल्याच्या तोंडाला हा शेजार लागला असावा. असं होतं तेव्हा भाषा नियम मोडत नाही. ती नव्या शब्दाला आपल्या घरातल्या माणसांसारखं करून घेते.

आणि इथंच कंधारपुरता एक महत्त्वाचा निष्कर्ष हाताला लागला. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची भाषा उर्दू, बाजारात दख्खनी. हा शब्द हैदराबादच्या वाटेने, हिंदुस्तानीतून आला असता तर इथं तो गमला म्हणून आला असता: ‘ग’ घेऊन, ‘आ’कारान्त. कंधारच्या बाईच्या तोंडी तो घमेलं आहे. ‘घ’ आणि ‘एलं’ हे दोन्ही मराठी शिक्के त्याच्यावर उमटलेले आहेत. म्हणजे तो समुद्राकडून आला असावा, कोकण आणि देश या वाटेने, पश्चिमेकडून पूर्वेकडे. राज्यकर्त्यांची वाट एक होती आणि शब्दाची वाट दुसरी.

कधी आला असेल? गोवा पोर्तुगिजांच्या हाती १५१० मध्ये गेलं. चौल, वसई ही त्यांची ठाणी. चौल अहमदनगरच्या निजामशाहीच्या दाराशी, आणि त्याच निजामशाहीच्या पूर्व टोकाला कंधारचा भुईकोट. १६३१ मध्ये शहाजहानच्या फौजेने तो घेतला तेव्हा तो निजामशाहीकडेच होता. एकाच राज्यातून माल, माणसं आणि शब्द चौलपासून कंधारपर्यंत जाऊ शकत होते. पण शकत होते म्हणजे गेले असं नव्हे. माझा कल वेगळीकडे आहे. आजचं घमेलं लोखंडी पत्र्याचं आहे, लाकडाचं नाही. रस्ते, रेल्वे, धरणं अशा मोठ्या बांधकामांबरोबर हे पत्र्याचं भांडं आणि त्याचं नाव ठेकेदारांच्या गाड्यांतून मुंबई इलाख्याकडून आत आलं असावं, आणि दुष्काळी कामांनी ते घरोघरी नेलं असावं. यातला ‘असावं’ मी मुद्दाम ठेवला आहे.

आता दुसरं टोक. गामेला हा शब्द पोर्तुगिजांनी कुठून आणला?

इथून पुढचा प्रवास मला कुठल्याही गडाच्या चढणीइतका थरारक वाटला. पोर्तुगीज ही लॅटिनची लेक. लॅटिन शब्दाचं पोर्तुगीज होताना अक्षरं कशी बदलतात याचे नियम अतिशय काटेकोर आहेत. त्यातला एक नियम असा: दोन स्वरांच्या मधला एकटा ‘ल’ पोर्तुगीजमध्ये गळून पडतो. लॅटिन दोलोर, म्हणजे वेदना, पोर्तुगीजमध्ये दोर होते. लॅटिन सालीरे, पोर्तुगीज साइर. पण ‘ल’ जोडाक्षर असेल, दुहेरी असेल, तर तो टिकतो आणि एकेरी होतो. लॅटिन काबाल्लुस, घोडा, पोर्तुगीजमध्ये कावालु. गामेलामध्ये ‘ल’ टिकून आहे. म्हणजे त्याच्या पूर्वजात ‘ल्ल’ असलाच पाहिजे. कुठलाही कागद न पाहता, केवळ टिकलेल्या एका ‘ल’वरून दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचं रूप सांगता येतं: गामेल्ला.

मग लॅटिन ग्रंथ उघडायचे आणि गामेल्ला शोधायचा. तो मिळत नाही. मिळतो तो कामेल्ला. ‘ग’ नाही, ‘क’.

हा अडसर खरा होता, कारण लॅटिन ‘का’ पोर्तुगीजमध्ये ‘का’च राहतो. घराला कासा, शेळीला काब्रा. मग कामेल्लाचा गामेला कसा? उत्तर मांजराने दिलं. लिखित लॅटिनमध्ये मांजर काट्टुस आहे. पण पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्ये गातो, इटालियनमध्ये गात्तो. म्हणजे लिहिणारे ‘क’ लिहीत होते तेव्हा काही भागांतले बोलणारे ‘ग’ म्हणत होते. ग्रीकमधून आलेल्या शब्दांना तर ही खोड अधिकच होती. जहाज हाकण्याचा ग्रीक शब्द कुबेर्नान लॅटिनमध्ये गुबेर्नारे झाला, आणि त्याच्याच वंशातला गव्हर्नर आपल्याकडे आला. स्पॅनिशमध्येही घमेल्याच्या या बहिणीचं नाव गामेल्या आहे, तिथंही ‘ग’. तेव्हा रोमच्या बाजारात, जहाजांवर, गोठ्यांत लोक गामेल्ला म्हणत असले पाहिजेत, जरी ते कुणी लिहून ठेवलं नसलं तरी.

अशा रूपाच्या डोक्यावर भाषाशास्त्रज्ञ एक तारा काढतात. तारा याचा अर्थ: हे रूप कुठं लिहिलेलं सापडलं नाही, पण त्याच्या वंशजांवरून ते होतं असं मानावं लागतं. ही रीत रूढ झाली ती मुख्यतः आउगुस्ट श्लायखर या जर्मन पंडितामुळे. १८६८ मध्ये त्याने कुणीही न लिहिलेल्या आदिम भाषेत एक मेंढी आणि काही घोडे यांची छोटी गोष्टच रचून दाखवली. पुढच्या पिढ्यांच्या विद्वानांनी ती पुन्हा पुन्हा नव्याने लिहिली, कारण नवा पुरावा आला की ताऱ्याखालचं रूप बदलतं. आपल्या भाषेचा इतिहास लिहिणारे झ्यूल ब्लोक, भारतीय आर्यभाषांचा महाकोश करणारे राल्फ टर्नर, हे सगळे या ताऱ्याच्या शिस्तीत चालले. मला ही खूण फार मोलाची वाटते. अभ्यासकाचा प्रामाणिकपणा तिच्यात सामावला आहे. इथवर कागद बोलतो, इथून पुढे मी बोलतो, असं ती वाचकाला उघड सांगते. परीक्षेच्या यादीत एकही तारा नाही, आणि तिथंच तिचा घात झाला आहे.

लिखित कामेल्लाकडे परत येऊ. ते भांडं नेमकं काय होतं? इथं ओव्हिड हा रोमन कवी साक्षीला येतो. रोमच्या सणावारांवर त्याने लिहिलेल्या ‘फास्ती’ या काव्यात २१ एप्रिलचा पारिलिया सण आहे. तो धनगरांचा सण. कळप गंधकाच्या धुराने शुद्ध करायचे, पालेस या देवतेला बाजरीसारख्या धान्याच्या पोळ्या वाहायच्या, दूध द्यायचं, मेंढ्यांना रोग येऊ देऊ नकोस, लांडगा येऊ देऊ नकोस, चारापाणी भरपूर दे अशी विनवणी करायची. मग मोठं भांडं समोर ठेवून त्यातून दूध आणि आटवलेला जांभळा द्राक्षरस प्यायचा. शेवटी पेटत्या गवतावरून उड्या मारायच्या. त्या दुधाच्या भांड्याला ओव्हिड कामेल्ला म्हणतो.

हे वाचलं आणि मी माळेगावच्या यात्रेत जाऊन पोचलो. लोहा तालुक्यातलं माळेगाव, मार्गशीर्षाच्या अखेरीची खंडोबाची यात्रा, मराठवाड्यातला मोठा जनावरांचा बाजार. लाल कंधारी बैल, घोडे, गाढवं, उंट, धनगरांची पालं, भंडाऱ्याने पिवळं झालेलं आभाळ. तिथं देवाकडे मागणं हेच असतं: कळप राखू दे. या दोन सणांत वंशाचं नातं आहे असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला पुरावा नाही. पण घमेल्याचा सर्वांत जुना पूर्वज आपल्याला मेंढपाळांच्या हातात भेटतो, राजवाड्यात नाही, याचा मला आनंद झाला आणि तो लपवायचं कारण नाही.

कामेल्ला तरी कुठून आला? इथून पुढे जमीन भुसभुशीत आहे.

पहिला मोह उंटाचा. लॅटिनमध्ये कामेलुस म्हणजे उंट. वशिंडासारखा फुगीर आकार, म्हणून कामेल्ला? पण ‘ल’ आणि ‘ल्ल’ हा फरक इथं आडवा येतो, आणि दूध पिण्याच्या भांड्याला उंटाची आठवण का यावी हेही कळत नाही. हा पातेल्याच्याच जातीचा चकवा आहे.

दुसरी वाट पुष्कळ कोशकारांनी धरली आहे. कामेल्ला हे कामेरा या शब्दाचं लहानपण दाखवणारं रूप. पातेराचं पातेल्ला होतं तसंच कामेराचं कामेल्ला: मधला स्वर गळायचा, ‘र’ आणि ‘ल’ एकमेकांना भिडायचे आणि ‘र’ ‘ल’मध्ये विरघळायचा. मधलं कामेर्ला हे रूप कुठंही लिहिलेलं नाही. आणखी एक तारा. कामेरा म्हणजे कमानीचं छत, घुमटी. घुमटी उलटी केली की वाडगं होतं, तेव्हा आकार जुळतो. आणि स्पॅनिश या अंदाजाला अनपेक्षित दुजोरा देतं: तिथं गामेल्या या शब्दाचा एक अर्थ आहे बैलाच्या जुवाची कमान, मानेवर बसणारा तो वाकलेला भाग. भांडं आणि जू एकाच शब्दात. दोघांत समान काय, तर वाक. कमानीची आठवण शब्दाने दोन हजार वर्षं जपली असावी असं मानायला हा आधार मला बराच बळकट वाटतो.

कामेरा हा शब्द ओळखीचा वाटला असेलच. कमानीचं छत, मग छताखालची खोली. पोर्तुगीज कामारा म्हणजे खोली. तोच हिंदी-दख्खनीत कमरा झाला. अंधाऱ्या खोलीत छोट्या भोकातून प्रतिमा पाडणाऱ्या यंत्राला विद्वानांनी लॅटिनमध्ये अंधारी खोली म्हणून नाव दिलं, त्याचा पहिला शब्द गळ्यात अडकवून छायाचित्रकार फिरतात: कॅमेरा. म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाची जी छायाचित्रं आपण पाहतो, डोक्यावर घमेलं घेतलेल्या बायांची रांग, त्यात समोरचं भांडं आणि ते टिपणारं यंत्र हे, कोशकारांचा तर्क खरा असेल तर, एकाच शब्दाचे वंशज आहेत.

अजून एक पायरी वर जाता येते, पण तिथं हात सोडूनच चढावं लागतं. लॅटिन कामेरा ग्रीक कामारातून आला. कामारा म्हणजे कमानदार छत किंवा छप्पर असलेली गाडी. आणि इराणच्या प्राचीन अवेस्ता भाषेत कमरा म्हणजे पट्टा, कमरपट्टा. त्यातून फारसी कमर. देहाला वेढणारं ते कमर, वर वेढणारं ते छत, असं म्हणून काही विद्वान ग्रीक आणि इराणी शब्दांना सख्खे मानतात. काही म्हणतात ग्रीकांनी तो इराणकडून उचलला. काही दोन्ही नाकारतात आणि ग्रीक शब्द आशिया मायनरमधल्या एखाद्या लोपलेल्या भाषेतला असावा असं सुचवतात. निकाल लागलेला नाही. आणि फारसी कमर तर आपल्याकडे आहेच; मराठी कंबर तिच्यातूनच आली असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.

म्हणजे हा शेवटचा, सर्वांत कच्चा धागा खरा निघाला, तर पाझर तलावावरच्या बाईने पदर जिथं खोचला ती कंबर आणि डोक्यावर तोललेलं ते घमेलं ही एकाच अतिप्राचीन शब्दाची दोन टोकं ठरतील. एक इराणमार्गे, घोडेस्वारांबरोबर आलं. दुसरं ग्रीस, रोम, लिस्बन, गोवा असं अर्धं जग समुद्रावरून फिरून आलं. हे लिहिताना अंगावर काटा येतो. पण काटा म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून या वाक्यावर वाचकाने मनात एक मोठा तारा काढावा.

ग्रीक आणि अवेस्ता जाणणारे वरच्या टोकाचं पाहतील. खालचं टोक आपलं आहे आणि ते कुणी पाहिलेलं नाही. १८५७ च्या मोल्सवर्थच्या कोशात घमेलें भेटतं. त्याआधीच्या दीड-दोनशे वर्षांत हा शब्द मोडी कागदांत कुठं, कोणत्या रूपात येतो? पुण्याच्या पेशवे दफ्तरात कारखान्यांच्या, बांधकामांच्या, भांड्याकुंड्यांच्या याद्या रुमालांत बांधलेल्या आहेत. एखाद्या जुन्या यादीत ‘ग’ने लिहिलेलं गमेलें सापडलं आणि पुढच्या एखाद्या यादीत ‘घ’, तर माझा घागरीचा अंदाज टिकेल किंवा पडेल. हैदराबादेत निजामाच्या काळची दफ्तरं आहेत. मराठवाड्यातल्या सडकांच्या आणि तलावांच्या कामांची साधनसामग्री त्यांत नोंदलेली असणार, आणि तिथं गमला लिहिला आहे, घमेला, की दुसरंच काही, यावर शब्दाची वाट ठरेल.

कागद थांबतील, माणसं थांबणार नाहीत. बहात्तर साली ज्या तरण्या बायका कामावर गेल्या त्या आज सत्तरी-ऐंशीच्या पलीकडे आहेत. अभ्यासिकेत ती यादी पाठ करणाऱ्या पोरांच्याच त्या आज्या. त्यांना विचारायचं ते फार थोडं आहे: दुष्काळी कामाच्या आधी हे पत्र्याचं भांडं घरात होतं का, त्याला काय म्हणत, माती आणि शेण कशात वाहत, घमेलं हे नाव पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकलं, मुकादमाच्या, ठेकेदाराच्या की माहेरच्या माणसांच्या. उत्तर जसंच्या तसं, त्यांच्याच उच्चारात, गावाच्या आणि सालाच्या नोंदीसह वहीत उतरवावं, आणि हे काम याच उन्हाळ्यात व्हावं.